विजया मेहता : वाड्याची हवेली होताना

दिग्दर्शकाच्या कर्तृत्वाचा विचार करू पाहणाऱ्या समीक्षकापुढे एक जुनीच अडचण उभी राहते. नाटककाराची संहिता मागे राहते. नटाची कीर्ती निदान आठवणींतून तग धरते. परंतु प्रयोग मात्र पडदा पडताच संपतो. चित्रपटाचे तसे नाही. म्हणून ज्यांनी दोन्ही माध्यमांत काम केले, त्यांचे मूल्यमापन पुढच्या पिढ्या चित्रपटांवरूनच करू लागतात, म्हणजे जे उरले त्यालाच मुख्य मानतात. श्रीमती विजया मेहता यांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे.

इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्याकडे नाट्यशिक्षण घेतलेल्या विजयाबाईंनी १९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासमवेत ‘रंगायन’ उभारली. त्यांनी आयनेस्कोचे नाटक मराठीत आणले. १९६६ साली खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’ रंगविले. पुढे जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने ब्रेख्तचे खडूचे वर्तुळ ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने खानोलकरांच्याच मराठीत अवतरले. विशाखदत्त आणि कालिदास यांच्याकडेही त्या वळल्या. या विविधतेत एक सूत्र आहे. परक्या कृतीला आपल्या भूमीत रुजविताना तिचे परकेपण पुसून न टाकता तिला आपल्या प्रयोगपरंपरेतील जवळचे रूप शोधून द्यावयाचे, हे ते सूत्र होय. उत्तम भाषांतरकार याहून निराळे काय करतो?

हे सूत्र चित्रपटात कितपत टिकले? जयवंत दळवींचे ‘बॅरिस्टर’ विजयाबाईंनी १९७७ साली रंगभूमीवर आणले, आणि आठ-नऊ वर्षांनी त्याचाच ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला. वाडा तोच, घराण्यात वंशपरंपरेने आलेले वेडही तेच. विधवेच्या पुनर्विवाहाचा बोलण्यात कैवार घेणारा, परंतु कृतीच्या क्षणी हतबल होणारा नायकही तोच. परंतु रंगमंचावर वाडा एकसंध दिसतो. प्रेक्षक दूर असतो, आणि माणसे त्या वास्तूत वावरताना लहान वाटतात. कॅमेरा हे अंतर नाहीसे करतो. केशवपन झालेल्या मावशीचा चेहरा जवळून समोर आला की तरुण राधेपुढील भवितव्य शब्दांत सांगण्याची गरजच उरत नाही. ही भूमिका स्वतः विजयाबाईंनीच केली आणि तिच्यासाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. संवादाचे काम मुद्रेकडे सोपविण्याचे हे धैर्य नाटकावर पूर्ण हुकमत असलेल्या दिग्दर्शिकेलाच लाभू शकते.

तरीही एक आक्षेप नोंदविणे मला प्राप्त आहे. दळवींची माणसे ज्या मराठीत बोलतात, त्या मराठीत त्यांची जात, वय, नाते आणि प्रतिष्ठा एखाद्या क्रियापदाच्या वळणावरून कळते. चित्रपटाची हिंदी शुद्ध आहे, परंतु ती कोणत्याच घराची नाही. हे अधिक स्पष्ट दिसते ते महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’च्या बाबतीत. १९८५ साली मराठीत गाजलेले हे नाटक दूरचित्रवाणीसाठी हिंदीत गेले तेव्हा त्याचे नाव झाले ‘हवेली बुलंद थी’. वाडा म्हणजे हवेली नव्हे. ‘चिरेबंदी’त मजबुती आहे आणि कोंडलेपणही आहे, ‘बुलंद’मध्ये केवळ उंची आहे. शिवाय मराठी नावात क्रियापद नाही. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आणि कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर विरत गेलेले विदर्भातील देशपांड्यांचे घर पाहून वाड्याचे काय झाले हे प्रेक्षकाने ठरवावयाचे असते. हिंदी नावातील ‘थी’ तो निकाल आधीच देऊन टाकते. हा दोष एका शब्दाचा नव्हे. आयुष्यभर भाषांतर करताना असा ‘थी’ माझ्याही हातून अनेकदा पडला आहे, म्हणूनच तो मला चटकन दिसतो.

यावरून हिंदीलाच दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. बी. के. करंजियांच्या कथेवरील ‘पेस्तनजी’ (१९८७) हा चित्रपट तसे करू देत नाही. मित्राच्या संसाराचे मनाशी सुंदर चित्र रेखाटून त्याच चित्रावर जगणारा आणि ते भंगलेले पाहावे लागणारा फिरोज हा त्याचा विषय. येथील हिंदीला पारशी उच्चारांचा, पारशी घरांचा गंध आहे; ती एका समाजाची बोली होऊन येते. मर्झबानांच्या पारशी रंगभूमीशी आलेला तरुणपणीचा परिचय येथे उपयोगी पडला असेल, असे मानावयास हरकत नाही. उलट, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वरील मराठी दूरचित्रपटात भाषेचा प्रश्नच उद्भवला नाही. लक्ष्मीबाईंचे गद्य बोलतच आलेले होते.

तेव्हा विजयाबाईंचे अपयश म्हणावयाचे तर ते माध्यमांतराचे नाही, भाषेला घर न मिळाल्याचे आहे. आणि जेथे ते मिळाले तेथे त्या नाटकाइतक्याच समर्थ ठरल्या. हा निष्कर्ष तपासावयाचा असेल तर ‘झिम्मा’ (२०१२) हे त्यांचे आत्मकथन पुरेसे नाही. मराठी रंगावृत्ती आणि हिंदी पटकथा शेजारी ठेवून ओळीओळीने वाचता आल्या पाहिजेत. ज्या प्रतींच्या समासांत दिग्दर्शिकेने खुणा केल्या असतील, त्या जपल्या गेल्या पाहिजेत. हे न झाल्यास आपल्या नातवंडांच्या हाती हवेलीच येईल, आणि तिच्या जागी कधी काळी वाडा होता हे त्यांना कोणीतरी सांगावे लागेल.