ट्रेलची गादी

तीन पत्तीचे नियम पाच मिनिटांत येतात, असं शिकवणारे सांगतात. खरं आहे. सहाव्या मिनिटाला तुम्ही 'का?' विचारलंत, की ते पत्ते पिसायला लागतात.

आता हेच पाहा. पोकरात कलर सीक्वेन्सला मारतो, तीन पत्तीत सीक्वेन्स कलरला. लहर वाटते, पण नाही. पोकरात पाच पानं. तिथे कलर दुर्मिळ. तीन पानांचे एकूण हात होतात २२,१००. त्यांत साधी सीक्वेन्स ७२० वेळा, कलर १,०९६ वेळा. जे दुर्मिळ ते थोर. इथवर न्याय चोख.

मग येते ट्रेल. तीन एक्के, तीन राजे, अगदी तीन दुर्र्यासुद्धा. असे हात ५२. आणि सगळी बदामं किंवा सगळी इस्पिकं ओळीने लागावीत, अशी प्युअर सीक्वेन्स फक्त ४८ वेळा. तरी गादीवर ट्रेलच! तीन पत्तीच्याच कुळातल्या इंग्रजांच्या थ्री कार्ड ब्रॅगमध्येही हीच घराणेशाही. वर तिथे तीन तिर्र्या तीन एक्क्यांच्या डोक्यावर बसतात. आपण निदान एक्क्याची अब्रू राखली.

पण ब्लाइंडचा नियम? वा! पानं न बघता खेळणाऱ्याला निम्मे पैसे. बघणाऱ्या शहाण्याला दुप्पट. हा नसता तर जो तो पानं बघून, नाक मुरडून पॅक झाला असता आणि डाव चहाआधीच आटोपला असता. ज्या डोक्यातून हे निघालं, त्याला चार हातांचा फरक दिसू नये म्हणजे कमाल आहे.