शक्य, संभाव्य आणि सिद्ध : उत्तेजकांच्या पुराव्याचे वजन

गळीत हंगाम सुरू झाला, की राहात्यातून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. त्या रांगेतले काही शेतकरी कारखान्याच्या काट्यावर जाण्याआधी वाटेतल्या एखाद्या खासगी काट्यावर ट्रॉली चढवतात, पावती घेतात आणि खिशात ठेवतात. 'काटा मारतात' ही तक्रार अवघ्या ऊसपट्ट्यात जुनी आहे. चहाच्या टपरीवर ती करायला काहीच लागत नाही. पण ज्याला ती चार लोकांपुढे मांडायची असते, तो आधी पावती करतो. संशय आणि पुरावा यांच्यातले अंतर त्या चिटोऱ्याएवढे असते.

खेळातल्या उत्तेजकांविषयी मराठीत जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात अशी पावती क्वचितच दिसते. खेळाडू आपला असेल तर 'पोराला गोवले', परका असेल तर 'ते सगळे घेतातच'. या दोन वाक्यांत आपली बहुतेक चर्चा संपते. पुराव्याचे वजन करायचे कसे, हा प्रश्न निघतच नाही. तो इथे काढायचा आहे. त्यासाठी एक प्रकरण आपल्या मातीतल्या कुस्तीचे घेतो आणि बाकीची सायकल शर्यतींची. युरोपातल्या व्यावसायिक सायकल शर्यतींत उत्तेजकांच्या पुराव्याचा जवळजवळ प्रत्येक प्रकार कधी ना कधी तपासला गेला आहे. या विषयाचे एवढे मोठे दफ्तर दुसऱ्या खेळात सहज सापडणार नाही.

आधी आपले प्रकरण. नरसिंग यादव याने २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातले, वाढला मुंबईत, नोकरी महाराष्ट्र पोलिसांत. २०१५च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून त्याने रिओ ऑलिम्पिकची जागा आणली. त्या जागेसाठी चाचणी कुस्ती व्हावी, ही सुशीलकुमारची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०१६मध्ये फेटाळली. त्याच महिन्यात, २५ जूनला, सोनिपतच्या सराव शिबिरात नरसिंगचा नमुना घेतला गेला. त्यात मेथॅन्डिएनोन या स्टेरॉइडचे अंश सापडले. ५ जुलैच्या दुसऱ्या नमुन्यातही ते होते. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी हे मिसळले, असे नरसिंगने सांगितले. १ ऑगस्टला राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे 'नाडा'च्या समितीने ते मान्य करून त्याला निर्दोष ठरवले. जागतिक संस्था 'वाडा' त्याविरुद्ध क्रीडा लवाद न्यायालयात गेली. १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षांची बंदी घातली.

त्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे पारावर आणि सलूनमध्ये एकच चर्चा होती : कट कोणी केला? कट झाला का, हे विचारायला कोणी तयार नव्हते. चाचणी कुस्तीचा वाद झाला होता हे खरे. पण वाद होता म्हणून कट होता, ही उडी आहे. वादाने हेतू सुचतो. कृती सिद्ध होत नाही, आणि कोणा एकाचे नाव तर मुळीच नाही.

लवादापुढचा प्रश्न वेगळा होता. या कायद्यात निषिद्ध द्रव्य शरीरात सापडले की नियमभंग पूर्ण होतो. हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेवर नसते. ते द्रव्य आपण जाणूनबुजून घेतले नाही, हे खेळाडूनेच दाखवायचे असते. त्यासाठी फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. आपली बाजू 'खोटी असण्यापेक्षा खरी असण्याची शक्यता जास्त' एवढे दाखवले तरी पुरते. तराजूचे पारडे थोडे झुकले तरी चालते, पण ते झुकवायचे खेळाडूने.

ते झुकले नाही, याचे मुख्य कारण होते प्रमाण. पहिल्या नमुन्यातले प्रमाण पाण्यात विरघळवलेल्या भुकटीपेक्षा तोंडाने घेतलेल्या एकदोन गोळ्यांशी जुळते, अशी तज्ज्ञ साक्ष लवादापुढे आली. लवादाने कट शक्य मानला, पण संभाव्य मानला नाही. त्याला खऱ्या पुराव्याचा आधार नाही, असेही म्हटले. या प्रकरणातले कळीचे शब्द हेच दोन. शक्य म्हणजे जे घडू शकते ते. संभाव्य म्हणजे इतर पर्यायांच्या शेजारी ठेवल्यावर जे जड भरते ते. आपल्या चर्चेत कट 'शक्य' होता, तो 'संभाव्य' न होता थेट 'सिद्ध' झाला. मधली पायरी कोणी चढलेच नाही.

निकालावरही टीका करता येते. उलटतपासणी, नव्या चाचण्या, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत यांना ऑलिम्पिकच्या धावपळीत किती वाव मिळाला असेल, हा प्रश्न रास्त आहे. गोळ्या एकाहून अधिक वेळा घेतल्या गेल्या असाव्यात, हा निष्कर्ष मला मूळ आकड्यांपेक्षा एक पाऊल पुढचा वाटतो. पण पुरावा अपुरा तपासला गेला, एवढेच त्या टीकेतून निघते. कट झाला, हे त्यातून निघत नाही. 'नाडा'च्या समितीची चूक उलट दिशेची होती. कोणी मिसळले असेल तर किती, कशात, केव्हा, आणि तेवढ्याने हा आकडा येतो का, हा हिशेब तिने मागितला नाही. तिने कहाणी तपासली, वजन तपासले नाही.

आता याच काट्यावर दुसरे प्रकरण चढवू. स्पेनचा सायकलपटू अल्बेर्तो कोंतादोर. २०१०च्या तूर द फ्रान्समध्ये, २१ जुलैच्या विश्रांतीच्या दिवशी त्याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल सापडले : मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्ष कोटीवा भाग. दूषित मांस खाण्यात आले, असे त्याचे म्हणणे. स्पेनच्या महासंघाने त्याला सोडले, आणि फेब्रुवारी २०१२मध्ये लवादाने दोन वर्षांची बंदी घालून २०१०चे विजेतेपद काढून घेतले. लवादासमोर तीन पर्याय होते : मांस, साठवलेले रक्त परत शरीरात घेणे, आणि दूषित पूरक आहार. तिन्ही शक्य होते. लवादाने पहिल्या दोहोंपेक्षा तिसरा अधिक संभाव्य मानला. म्हणजे रक्ताचा जो आरोप वर्तमानपत्रांत गाजला, तो निकालात टिकला नाही. तरीही बंदी आली, कारण आपली मांसाची कहाणी जड आहे हे कोंतादोरला दाखवता आले नाही.

दोन्ही प्रकरणांचा सांगाडा एकच. देशातल्या संस्थेने सोडले, बाहेरच्या लवादाने धरले. माद्रिदच्या चाहत्यालाही आपले पोर गोवले गेले असेच वाटले असणार. त्याचे आपल्याला हसू आले असेल, तर आपल्या पारावरच्या चर्चेचेही यायला हवे होते.

आता उलटी बाजू. चाचणीत काही सापडले नाही, तर माणूस निर्दोष ठरतो का? लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ अशी सात वर्षे तूर जिंकली. शेकडो चाचण्या दिल्या आणि कधी दोषी ठरलो नाही, हा त्याचा ठेवणीतला युक्तिवाद होता. ऑक्टोबर २०१२मध्ये अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेने हजारावर पानांचा पुरावा प्रसिद्ध केला. त्यात २६ जणांच्या साक्षी होत्या आणि त्यांपैकी ११ जण त्याचे संघसहकारी होते. त्याची सातही विजेतेपदे गेली. जानेवारी २०१३मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. त्याच्या पहिल्या विजयाच्या वेळी रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे इपीओ ओळखणारी चाचणीच वापरात नव्हती. तेव्हा फक्त रक्तातल्या पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांपुढे गेले, तर सायकलपटूला शर्यतीतून बाजूला करत. १९९९च्या जिरो द इटालियात आघाडीवर असलेला मार्को पान्तानी त्याच नियमाने बाहेर पडला. ज्या चाळणीची भोके मोठी असतात, तिच्यातून खडे निसटतात. 'सापडले नाही' या वाक्याचे वजन चाळणीवर ठरते.

तिसरा पुरावा लोकांना सर्वांत आवडतो : वेग. घाट एवढ्या लवकर चढला, म्हणजे नक्की काहीतरी घेतले. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी पार करणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात. युरोपात अशा राजांचे मिनिट-सेकंद मोजून त्यावरून वॅटमध्ये शक्ती काढणारे बरेच आहेत. फेस्टिना संघाचे पूर्वीचे प्रशिक्षक आंत्वान व्हेये यांनी तर पायऱ्याच ठरवल्या : ४१० वॅटपुढे संशयास्पद, ४३०पुढे चमत्कार, ४५०पुढे उत्परिवर्तित प्राणी.

या पायऱ्यांत अंतर वीस वॅटचे आहे. आल्प दुएझच्या घाटावर एक ढोबळ हिशेब करून पाहू. लांबी सुमारे १३.८ किलोमीटर, चढाई सुमारे ११०० मीटर. सायकलस्वार ६० किलोचा, सायकल आणि कपडे मिळून ८ किलो, वेळ साडेसदतीस मिनिटे. वजन वर नेण्यासाठी सुमारे ३२५ वॅट लागतात, हवा कापण्यासाठी ४५, टायर आणि साखळीसाठी ३०च्या आत. बेरीज जवळपास ४०० वॅट, म्हणजे किलोमागे ६.६. आता पाठीमागून ताशी सात किलोमीटरची झुळूक आहे असे धरा. झाडाची पाने जेमतेम हलतील एवढीच. हवेचा वाटा सुमारे २५ वॅटने उतरतो आणि किलोमागचा आकडा ६.२वर येतो. म्हणजे एका झुळुकीने चमत्काराचा संशय होतो आणि संशयाचा नुसता चांगला खेळ होतो. शिवाय पान्तानीच्या याच घाटावरच्या वेळा वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळ्या आहेत, कारण घड्याळ नेमके कुठून लावले, यावर एकमत नाही. ज्या काट्याचा शून्यच ठरलेला नाही, त्यावर वीस वॅटचा निवाडा कसा करणार?

जुलै २०२४मध्ये तादेय पोगाचारने प्लॅटो द बेयचा घाट पान्तानीच्या १९९८च्या वेळेपेक्षा साडेतीन मिनिटांच्या आसपास कमी वेळात चढला. १९९८च्या पान्तानीच्या नमुन्यांत इपीओ होते, हे फ्रेंच सिनेटच्या २०१३च्या अहवालातून बाहेर आले. मग लोक म्हणाले, उत्तेजक घेतलेल्याला न घेतलेला कसा हरवेल? प्रश्न सरळ वाटतो, पण त्यात मधली पंचवीस वर्षे सरसकट गिळली आहेत. सायकली, टायर, शर्यतीत तासाला पोटात जाणारी साखर, घाटाच्या पायथ्यापासून दुसऱ्या संघाने लावलेला वेग, या सगळ्यांचा वाटा आधी वजा करायला हवा. पोगाचार कोणत्याही चाचणीत दोषी सापडलेला नाही. त्याने तो निर्दोष सिद्ध होत नाही, हे आर्मस्ट्राँगने शिकवले. पण त्याच्या वेगाने तो दोषीही ठरत नाही.

आपल्या न्यायशास्त्राने हे फार पूर्वी मांडून ठेवले आहे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे असे म्हणता येते, कारण अग्नीवाचून धूर नसतो. उलटे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते. त्या मधल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात आणि असा हेतू सव्यभिचार ठरवतात. इपीओने वेग वाढतो, म्हणून वेग दिसला की इपीओ, हे अनुमान या दुसऱ्या जातीचे आहे. वेग इतर वाटांनीही येतो. त्यामुळे वेग पुरावा होत नाही. पण कोणाकडे नीट पाहायचे हे तो सांगतो, आणि तेवढ्यापुरता त्याचा उपयोग मोठा आहे.

मग सायकल शर्यतींनी काय केले? २००८पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने जैविक पारपत्र आणले. खेळाडूच्या रक्ताचे आकडे वर्षानुवर्षे नोंदवायचे, तुलना त्याची त्याच्याशीच करायची, आणि विसंगती दिसली तर तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे पाहायची. दोष धरायचा तर तज्ज्ञांचे एकमत लागते. एका दिवशीच्या वेगापेक्षा ही नोंदवही कितीतरी भरवशाची. तिलाही फसवता येते, हलक्या मात्रांनी आकडे सीमेच्या आत ठेवता येतात. पण हा काटा शून्य ठरवूनच वजन करतो.

हे सारे दूर फ्रान्समधले राहिले असते, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. 'वाडा'च्या २०२३च्या आकडेवारीत भारतातल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले. तालुक्यातालुक्यांत व्यायामशाळा आहेत, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरे आहेत, जत्रेच्या आखाड्यात नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात करणारी मुले आहेत. त्यांना डबा कोण देतो, त्यात काय आहे, हे त्यांच्या घरीही नेहमी ठाऊक नसते. उद्या अशा एखाद्या पोराचा नमुना सदोष निघेल. त्या वेळी गाव दोनांपैकी एक वाक्य उच्चारील : गोवले, किंवा सगळे घेतातच. दोन्ही वाक्ये त्या पोराच्या काही कामाची नाहीत. त्याला लागेल तो डबा जपून ठेवणारा, पावती ठेवणारा, काय खाल्ले आणि कोणी दिले याची तारखेनिशी वही लिहायला लावणारा माणूस. कायद्याने पारडे झुकवण्याचे काम त्याच्यावर टाकले आहे. ते कहाणीने झुकत नाही, हे नरसिंगच्या प्रकरणाने दाखवले.

नरसिंगची बंदी २०२०मध्ये संपली. त्या वर्षांत त्याच्यावर अन्याय झाला की न्याय, यावर आपले मत काहीही असो, ते मत आपण परक्या सायकलपटूलाही त्याच मापाने लावतो का, हे एकदा तपासून पाहावे. आपल्या उसाला एक काटा आणि शेजाऱ्याच्या उसाला दुसरा, असे करणाऱ्याला आमच्या रांगेत कोणी शहाणा म्हणत नाही.