शर्ट, डबा आणि न विचारलेला पगार

आमच्या ऑफिसात गुरुवारी सगळे एकत्र जेवतात. कँटीनच्या खिडकीजवळची दोन टेबलं जोडायची, सात-आठ डबे उघडायचे, कुणाच्या तरी आईने जास्तीची दिलेली कोशिंबीर फिरवायची. एका गुरुवारी गप्पा माझ्या शर्टावर आल्या. "नवीन? कितीला पडला?" मी म्हणालो, "सेलमध्ये घेतला, सातशेला." तो एकोणीसशेचा होता.

हे खोटं मी का बोललो, यावर संध्याकाळी बसमध्ये बराच वेळ विचार करत होतो. माझ्या गळ्यातल्या आयकार्डाची पट्टी राखाडी आहे, कारण मी कंत्राटावर आहे. कायम असलेल्यांची निळी. महाग शर्ट मी घेतला तो त्या राखाडी पट्टीकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. आणि किंमत कमी सांगितली, कारण माझा पगार कुणाला माहीत नसला तरी अंदाज सगळ्यांना आहे. त्या टेबलावर शर्टाची किंमत विचारता येते, डब्यातली भाजी कुणी केली हेही विचारता येतं. पगार मात्र कुणी विचारत नाही.

त्याच शनिवार-रविवारी मी ऑफिसातल्या माणसांचे तीन हिंदी सिनेमे ओळीने पाहिले. तिन्ही आधी पाहिलेले, तिन्ही मुंबईचे, तिन्ही आवडते. या वेळी मात्र मी त्यात पगार शोधत होतो.

आधी 'छोटी सी बात'

बासू चॅटर्जींचा हा सिनेमा १९७६चा. अमोल पालेकरांचा अरुण भित्रा आहे. बसस्टॉपवर दिसणाऱ्या प्रभाशी (विद्या सिन्हा) बोलायची त्याची हिंमत होत नाही, आणि ऑफिसातही त्याच्या शब्दाला फार वजन नाही. प्रभाच्या ऑफिसातला नागेश (असरानी) मात्र स्कूटर घेऊन फिरतो, मध्येच येऊन बसतो आणि टेबलाचा ताबा घेतो. मग अरुण खंडाळ्याला कर्नलकडे (अशोक कुमार) जातो, माणसांत वागायचं कसं ते शिकतो आणि बदलून परत येतो.

लहानपणी मला ही प्रेमकथा वाटली होती. आता वाटतं, हा जेवणाच्या टेबलाचा सिनेमा आहे. यातल्या लढाया बऱ्याचशा टेबलांवर होतात. कोण कुठे बसलं, ऑर्डर कोण देतं, वेटर कुणाचं ऐकतो, यावरून माणसाची किंमत ठरते. यातलं एक टेबल जहांगीर आर्ट गॅलरीतल्या समोवारचं. ते कॅफे १९६४ साली सुरू झालं आणि २०१५ साली बंद पडलं, त्यामुळे माझ्या वयाच्या अनेकांनी ते फक्त याच सिनेमात पाहिलं असेल. दुपारच्या सुट्टीत गॅलरीत जाऊन निवांत बसणारे हे नोकरदार पाहताना हेवा वाटतो.

तो हेवा नेमका कशाचा, हे या वेळी कळलं. अरुण काही श्रीमंत नाही. एक जुनी मोटरसायकल घेतानाही गॅरेजवाला त्याला गंडवतो. हेवा वाटतो तो त्याच्या निर्धास्तपणाचा. प्रभा आपल्याला हो म्हणेल का, याची त्याला रात्रंदिवस काळजी आहे. पुढच्या महिन्यात नोकरी असेल का, याची काळजी त्याला एकदाही पडत नाही. तो ऑफिस सोडून खंडाळ्याला जाऊन राहतो आणि परत येतो, तेव्हा त्याची खुर्ची जागेवर असते. सिनेमातला सगळा विनोद त्या खुर्चीवर उभा आहे. अरुणच्या जागी माझ्यासारखा दर सहा महिन्यांनी रिन्यूअल होणारा माणूस ठेवून पाहा. कर्नलची सगळी शिकवणी त्याला पाठ होईल, पण परत आल्यावर गेटवर त्याचं कार्ड चालणार नाही.

बासूदांनी कामगारांवर सिनेमा काढला नाही, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण कंत्राटी माणूस तेव्हाही होता. कंत्राटी कामगारांचा केंद्रीय कायदा १९७०चा, म्हणजे सिनेमा आला तेव्हा सहा वर्षं जुना. फक्त तो माणूस तेव्हा बहुतेक करून झाडू मारत होता, माल उतरवत होता, बांधकामावर होता. तो चौकटीच्या बाहेर होता. आता तो शेजारच्या डेस्कवर बसतो, तेच एक्सेल उघडतो आणि तसाच इस्त्रीचा शर्ट घालतो.

मग 'गोलमाल'

हृषिकेश मुखर्जींच्या १९७९च्या 'गोलमाल'मध्ये पुन्हा अमोल पालेकरच आहेत, पण इथे नोकरी खरोखरच टांगणीला लागलेली आहे. रामप्रसाद सी.ए. झालेला आहे, घरी बहीण आहे, आणि मालक भवानीशंकर (उत्पल दत्त) यांचे नियम कामापलीकडचे आहेत. मिशी हवी, कपडे देशी हवेत, खेळाबिळाची आवड नको. म्हणून रामप्रसाद उसना, आखूड झालेला कुर्ता घालून मुलाखतीला जातो. आणि तो आखूड का, हे विचारल्यावर कापड वाचवण्याचं असं काही तत्त्वज्ञान सांगतो की मालक खूश.

आपण या प्रसंगाला हसतो. मीही दर वेळी हसतो. पण ऑफिसातल्या कपड्यांवर इतकं नेमकं भाष्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. हुशारी रामप्रसादकडे आहेच, डिग्री आहे. तरी खुर्ची मिळवायला त्याला वेष लागतो. आणि एकदा वेष चढवला की तो उतरवता येत नाही. हॉकीची मॅच पाहताना मालकाने पाहिलं, म्हणून जुळा भाऊ निर्माण करावा लागतो. मग मेलेल्या आईला जिवंत करावं लागतं. एका कुर्त्यापायी माणसाला दोन आयुष्यं जगावी लागतात. माझं एकोणीसशे आणि सातशेचं प्रकरण याच खानदानातलं.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. रामप्रसाद मालकाच्या मुलीशी लग्न करतो, मालक स्वतःची मिशी काढून फोटोला उभे राहतात आणि सगळं गोड होतं. नोकरीचा प्रश्न सुटत नाही, तो नात्यात विरघळतो. आता मालक नोकराला काढणार नाही, कारण नोकर जावई झाला. ज्यांना जावई होता येणार नाही त्यांनी काय करायचं? सिनेमा संपलेला असतो.

आणि 'द लंचबॉक्स'

रितेश बत्रांचा हा सिनेमा २०१३चा. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण इला आणि साजन फर्नांडिस यांच्या चिठ्ठ्यांबद्दल लिहितात. ते बरोबरच आहे. चुकीच्या टेबलावर पोचलेला डबा आणि त्यातून वाढत गेलेलं नातं हाच सिनेमाचा जीव आहे. पण या वेळी माझी नजर शेखवर खिळली. नवाजुद्दीन सिद्दीकीने केलेला हा शेख, साजन निवृत्त होणार म्हणून त्याचं काम शिकायला आलेला. पस्तीस वर्षं एका खुर्चीत बसलेला माणूस जाणार आणि तिथे हा येणार. साजन त्याला टाळतो, 'नंतर ये' म्हणतो. शेख हसत येत राहतो.

शेखकडे डबा नाही. तो फळांवर भागवतो. संध्याकाळच्या लोकलमध्ये भाजी चिरतो. तो अनाथ आहे, तरी 'माझी अम्मी म्हणायची' असं म्हणत बोलतो, कारण तसं म्हटलं की वाक्याला वजन येतं. हे ऐकून मला माझा शर्ट आठवला. आपल्यामागे कुणीतरी आहे, असं दाखवावं लागणाऱ्या माणसांचे हे प्रकार आहेत.

सिनेमातली सर्वांत मोठी घटना मला आता वेगळी वाटते. साजन आपल्या डब्यातलं जेवण शेखला देतो, ती नाही. तिथून सुरुवात होते. शेखच्या कामात चुका निघतात, साहेब बोलावतात आणि साजन त्या चुका स्वतःवर घेतो. पस्तीस वर्षांची नोकरी पाठीशी असलेला माणूस आपलं वजन नव्या माणसाच्या बाजूने टाकतो. एकत्र जेवण्याचा अर्थ तिथे पुरा होतो. नाहीतर कोशिंबीर आम्हीही वाटतोच.

तरी 'लंचबॉक्स'सुद्धा पगारापाशी गप्प होतो. शेखचा संसार, त्याचं लग्न, सासरी दिसावं म्हणून केलेली धडपड, सगळं दिसतं. साजनच्या तुलनेत त्याच्या हातात किती पडतं, हे मात्र कळत नाही. तीन सिनेमांनी मला टेबल दिलं, कपडे दिले, डबा दिला. माझा आक्षेप एवढाच, की आकडा एकानेही दिला नाही. ऑफिस म्हटलं की आपल्याला माणसांचे स्वभाव दिसतात, भित्रा, बढाईखोर, लहरी, एकलकोंडा. पण अरुण भित्रा आहे आणि तरी सुरक्षित आहे, शेख हसतमुख आहे आणि तरी धास्तावलेला आहे. यातला फरक स्वभावाचा नाही, नेमणुकीच्या कागदाचा आहे.

पुढच्या गुरुवारी मी तोच शर्ट घालून गेलो. जेवताना म्हणालो, "हा सातशेचा नाही, एकोणीसशेचा आहे. आणि माझ्या हातात अडतीस हजार येतात." माझी कंत्राट फर्म पगार कुणाला सांगू नका म्हणते, हे माहीत असून बोललो. टेबल गप्प झालं. कुणीतरी पाण्याची बाटली उगाच उघडली. आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या, निळ्या पट्टीवाल्या दादांनी डब्याचं झाकण लावलं आणि परत काढलं.

मग माझ्या शेजारी बसणारी, माझंच काम करणारी मुलगी हळूच म्हणाली, "मला एकसष्ट. पीएफ वेगळा." तिचा आवाज अपराधी होता, जणू फरक तिने केला होता. कंत्राटी माणूस कायम माणसाचंच काम करत असेल तर मोबदला तेवढाच असावा, हे त्या जुन्या कायद्याखाली १९७१ साली केलेल्या केंद्रीय नियमांतही लिहिलेलं होतं. मी ते टेबलावर बोललो नाही. तेवीस हजार हा आकडा सगळ्यांनी मनातल्या मनात केलेला होता.

माझं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी बोललो त्याचा त्यावर काय परिणाम होईल, ते तेव्हाच कळेल. दादा दोन दिवसांनी डेस्कपाशी आले आणि म्हणाले, "साहेबांशी बोलायला जाशील तेव्हा सांग, मी येतो बरोबर." साजनने शेखसाठी केलं, त्यातलं हे निम्मं तरी आहे. उरलेलं निम्मं साहेबांच्या केबिनमध्ये कळेल.

तोवर गुरुवार चालू आहेत. या आठवड्यात कुणीतरी नवीन शर्ट घालून आलं होतं. किंमत विचारली गेली, आणि त्याने खरी सांगितली.