शीर्षकातलं ‘तथाकथित’

वेरूळची लेणी बघायला जगभरातून लोक येतात. तिथून पुढे कन्नड तालुक्यात भिल्लांच्या वस्त्या आहेत, तिकडे कुणाची बस वळत नाही. माझा एक शाळूसोबती तिथला. दाखल्यावर तो ‘अनुसूचित जमाती’, शिबिरात ‘वनवासी’, मोर्चात ‘आदिवासी’. मला वाटायचं, एकाच गोष्टीची तीन नावं. इंजिनिअरिंगनंतर गोविंद सदाशिव घुर्ये वाचले, तेव्हा कळलं की या नावांवरून विद्वानांत किती जुंपली होती.

घुर्ये मालवणचे, केंब्रिजला शिकलेले, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्रमुख. त्यांचं आदिवासींवरचं इंग्रजी पुस्तक १९४३ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेने छापलं. शीर्षकातच ‘मूलनिवासी’ला ‘तथाकथित’ चिकटवलेलं. म्हणणं थेट: हे वेगळे कुणी नाहीत, मागासलेले हिंदू आहेत.

काळ मात्र लक्षात घ्या. १९३५ च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी आदिवासी मुलूख ‘वगळलेले’ ठरवले होते. १९३९ मध्ये व्हेरिअर एल्विन बैगांसाठी राखीव मुलूख सुचवत होता. फोडा आणि झोडाचा संशय घुर्येंना आला, तो मला पटतो. जात आणि जमात यांच्यामधली जनगणनेची रेघ कच्ची होती, हेही खरं.

गाडी अडते ती पुढे. पुस्तकाचा बराचसा डोलारा जनगणनेचे अहवाल आणि साहेबांच्या नोंदींवर उभा आहे. म्हणजे इंग्रजांनी केलेले कप्पे खोडायचे, तेही इंग्रजांच्याच कागदांवरून! ज्याच्यावरून वाद, तो माणूस बोलतच नाही. आमच्याकडे असा फॉर्म असतो: पर्याय आधीच ठरलेले, ‘इतर’सुद्धा नाही. एल्विन निदान गोंड-बैगांमध्ये राहिला. पण या लोकांना देशात कुठे बसवायचं, हा प्रश्न त्यालाही सुटला नाही. १९५९ च्या आवृत्तीत घुर्येंनी शीर्षक बदलून ‘अनुसूचित जमाती’ केलं. शब्द राज्यघटनेचा, मुद्दा जुनाच.

त्यापेक्षा गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) वाचा. ते संशोधन नव्हे, बाई कम्युनिस्ट, बाजू घेऊनच लिहितात. पण त्यात वारली बोलतात: वेठबिगारीबद्दल, जमीनदाराबद्दल, भीतीबद्दल.

मित्राला घुर्येंचा वाद फोनवर समजावून सांगितला. २००६ च्या कायद्याखाली त्याच्या घरच्यांचा वनहक्काचा दावा पडून आहे. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “यातलं काही दाव्याला जोडता येईल का रे?”