‘करी’ आणि ‘करणेबाबत’

मराठीतील जुन्या क्रियारूपांचा विषय निघाला की मला ग्रंथालय आठवत नाही. तेलगावातील आमच्या घराची ओसरी आठवते. बीड–परळी आणि माजलगाव–धारूर हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथले हे गाव. दिवेलागणीला आजी ओसरीवर बसून हरिपाठ म्हणत असे. तिला अक्षरओळख नव्हती. मी तेव्हा महाविद्यालयात मराठी विषय घेऊन शिकत होतो आणि नवशिक्याला असते ती ऐट माझ्यात पुरेपूर होती. एकदा मी तिला विचारले, “आजी, हरिपाठात ‘करी’ म्हणतीस, त्याचा अर्थ काय गं?” माझ्या मनात उत्तर तयार होते : ‘करी’ म्हणजे ‘करीत असे’, रीतिभूतकाळ. आजी म्हणाली, “अर्थ काय असनार? पुण्य मोजीत बसतंय कोन, असं म्हनायलेत माउली.”

तिचे उत्तर बरोबर होते, माझे चूक. ज्ञानदेवांच्या मराठीत ‘करी’ हा वर्तमानकाळ आहे.

त्याच सुमारास शेतरस्त्यासंबंधीचा एक कागद घरी आला. मजकूर चार ओळींचा : हरकत असल्यास मुदतीत कळविणेत यावे, अन्यथा पुढील कार्यवाही करणेत येईल. मी तो वाचून दाखविला. आजीने दोनच प्रश्न केले. “कुनी कळवायचं? आन् करनार कोन?” मी कागद पुन्हा वाचला. उत्तर त्यात नव्हते.

सातशे वर्षांपूर्वीची मराठी जिला कळली, तिला आठ दिवसांपूर्वीची मराठी कळली नाही. जुन्या रूपांविषयी आपल्याकडे जो वाद होतो तो नेहमी त्यांच्या वयावरून होतो. एक पक्ष म्हणतो, ती जुनी आहेत म्हणून टाका. दुसरा म्हणतो, जुनी आहेत म्हणून जपा. ह्या दोन कागदांनी, म्हणजे एका पाठाने आणि एका नोटिशीने, मला हा वादच चुकीच्या जागी उभा असल्याचे शिकविले. रूपाचे वय किती, ह्याने काही ठरत नाही. त्या रूपातून कर्ता आणि काळ ऐकणाऱ्यापर्यंत पोचतात की नाही, ह्याने ठरते.

‘करी’चा प्रवास पाहण्यासारखा आहे. मोरो केशव दामले ह्यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मराठी आख्यातांची जी मांडणी आहे, तीत हे ई-आख्यात. ज्ञानेश्वरीत (शके 1212, म्हणजे 1290) ते चालू काळाचे काम करते. पुढे ‘करितो, करतो’ ह्या ताख्याताने ती जागा घेतली आणि ‘करी, जाई, बोले’ ही रूपे मागे सरकून ‘पूर्वी नेहमी करीत असे’ ह्या अर्थाला येऊन थांबली. रूप तेच राहिले, काळ बदलला. म्हणून शिकलेला वाचक जुन्या काव्यात हटकून फसतो. संत जे ‘आता, नेहमी’ म्हणून सांगतात, ते त्याला ‘पूर्वी कधी तरी’ असे ऐकू येते. सार्वकालिक विधानाची तो आठवण करून टाकतो. ही चूक व्याकरणाची असली तरी तिने काव्याचा प्राणच हरवतो.

सगळीच जुनी रूपे अशी मागे सरकली नाहीत. काही अगदी रोजच्या तोंडात येऊन बसली. ‘कीजे, बोलिजे’ ह्या ठेवणीची -इजे रूपे आज कोणी बोलत नाही; पण ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ हे शब्द त्याच घराण्यातले. ‘करू नये’ मधील ‘नये’ म्हणजे जुने ‘न ये’. तेलगावच्या बाजारात ‘किती पाहिजे?’ असे विचारणारा दुकानदार ज्ञानदेवकालीन आख्यात वापरतो आहे, आणि त्यात त्याला किंवा गिऱ्हाइकाला काही जुनाट वाटत नाही.

ह्या रूपांचा शोधही आमच्याच जिल्ह्यातून गेला आहे. नाथांनी शके 1506 (1584) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती नकलकारांच्या हातून पाठ बिघडले होते म्हणून. नकलकार आपल्या तोंडची रूपे पोथीत घालीत, हे स्वाभाविकच होते. पुढे वि. का. राजवाडे ह्यांना बीडच्या पाटांगणावर एक जुनी प्रत मिळाली. ती नाथांच्या आधीची आहे असे मानून त्यांनी ती छापली आणि 1909 मध्ये ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण लिहिले. त्या प्रतीच्या प्राचीनत्वाविषयी पुष्कळ वाद झाले, ते असोत. एकेका प्रत्ययासाठी अशी झुंज देण्यामागची श्रद्धा मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्यय बदलला की अर्थाचा काळ आणि कर्ता बदलतो, हे ती जाणून होती.

आता आधुनिक साहित्याकडे वळू. आरंभी मी ‘आजी हरिपाठ म्हणत असे’ असे लिहिले. घरी मी असे कधीच बोललो नसतो. ‘म्हणायची’ म्हणालो असतो. ‘म्हणे’, ‘म्हणत असे’ आणि ‘म्हणायची’ ह्या तिन्हींत हकीकत एकच आहे. बदलते ते अंतर. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त (1935) ‘म्हणे, करी, जाई’ ही रूपे जागोजागी येतात आणि तिथे ती शोभतात. सांगणारा आईला स्मरणाच्या देव्हाऱ्यात बसवून सांगतो आहे. ते अंतर त्याला हवेच आहे. उलट रा. रं. बोराडे ह्यांची ‘पाचोळा’ (1971) पार्वतीच्या तोंडून, मराठवाडी बोलीत येते. तिचे दुःख अजून ओले आहे. तिच्या तोंडी ‘जाई, करी’ घातले असते तर ती घरातून उठून पुस्तकात गेली असती. दोन्ही लेखकांनी काळ निवडला आणि योग्य निवडला.

काव्यात ही सवलत अधिक मोठी आहे, आणि तीही फुकट नव्हे. माडगूळकरांच्या गीतरामायणात (1955–56) ‘करिती, बोलती’ ह्या वळणाची रूपे गायनाला सोयीची म्हणून आली असे कोणी म्हणेल. पण कीर्तनाने ती श्रोत्यांच्या कानांत जिवंत ठेवली होती, म्हणूनच ती घरोघर रेडिओवर कळली. मर्ढेकरांनी अभंग-ओवीचे वळण आणि संतांची भाषा यंत्रयुगाच्या अनुभवाला लावली. तिथे जुने रूप आणि नवा आशय ह्यांचा खटका उडतो, आणि तो खटका हेच कवितेचे म्हणणे आहे.

जिथे निवड नसून केवळ वेषभूषा असते, तिथे मात्र आपण रसिकाने कठोर व्हावे. आपल्या पुष्कळ ऐतिहासिक कादंबऱ्यांतील पात्रे ‘बोलते झाले’, ‘प्रवेश करते जाहले’ अशी चालतात. जरीचा अंगरखा भाड्याने आणावा तशी ही रूपे आणलेली असतात. गंमत अशी की खऱ्या पेशवाई पत्रांची भाषा इतकी नटवी नाही. ‘रवाना करणे’, ‘जाणिजे’ अशी तिची रूपे आखूड आणि नेमकी आहेत. तिथे ‘करणे’ हा सरळ हुकूम आहे, आणि तो कोणी कोणाला केला हे पत्राच्या मायन्यातच लिहिलेले असे.

हे ध्यानात ठेवून आजच्या ‘करणेबाबत’कडे पाहावे. निजामी अमदानीत आमच्याकडे दरबारी भाषा उर्दू होती. 1948 साली ती राजवट गेली, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1964 मध्ये राजभाषा अधिनियम झाला. आपल्या भाषेत कारभार ही फार मोठी आशा होती. पण जी मराठी कचेरीतून आली ती ‘मिळणेबाबत, होणेस, करणेत’ अशी आली. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी ‘करणे’चे सामान्यरूप ‘करण्यासाठी’सारखे करावे असे सांगून ठेवले आहे, आणि त्या नियमांना 1962 मध्ये शासनाचीच मान्यता मिळाली. तरी अर्जाच्या डोक्यावर ‘विषय : रस्ता मिळणेबाबत’ असेच असते. लिहिणाऱ्याला विचारा, ‘मला रस्ता द्या’ असे लिहिले तर अर्ज कच्चा ठरेल, अशी त्याला धास्ती वाटते. ह्या जुन्या रूपाने त्याला प्रतिष्ठा दिलेली नाही. त्याचा ‘मला’ तेवढा काढून घेतला आहे.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘करणेत येईल’ ऐवजी ‘करण्यात येईल’ लिहिल्याने कर्ता सापडत नाही. नुसते सामान्यरूप शुद्ध होते. कचेरी ही व्यक्ती नव्हे, तिला काही ठिकाणी अकर्तृक बोलणे भागच असते, हेही खरे. पण मुदत कोणी पाळायची आणि निर्णय कोण देणार, ही ती ठिकाणे नव्हेत. लग्नपत्रिकेत ‘करण्याचे योजिले आहे’ असे छापतात. ‘योजिले’ आज कोण बोलतो? तरी त्याने कोणाचे अडत नाही. कोणी योजिले आणि कधीचे योजिले, हे खालीच लिहिलेले असते.

2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला. जुन्या भाषेविषयी अभिमान वाढेल, आणि तो वाढावा. त्याबरोबर जुन्या रूपांची हौसही वाढेल. गौरवपत्रांत, भाषणांत, कादंबऱ्यांत त्यांची आरास मांडली जाईल. अशा वेळी परीक्षेसाठी मोठ्या शास्त्राची गरज नाही. कोणतेही जुने रूप समोर आले की आजीने त्या कागदाला विचारले तेच विचारावे : करणार कोण? आणि हरिपाठाच्या बाबतीत तिला जे न विचारता ठाऊक होते, तेही : हे कधीचे चालले आहे? ह्या दोन प्रश्नांना जे रूप उत्तर देते ते सातशे वर्षांचे असले तरी आपले आहे. तो शेतरस्त्याचा कागद अजून माझ्यापाशी आहे. तिचे दोन्ही प्रश्न मी नंतर त्याच्या समासात लिहून ठेवले.