शिट्ट्या वाटणारी

१० मार्च २०२० रोजी 'रेनवू' या चिनी मासिकाने वूहान सेंट्रल हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. आय फेन यांच्या मुलाखतीवर आधारलेला दीर्घ लेख प्रसिद्ध केला. डिसेंबर २०१९च्या अखेरीस एका रुग्णाच्या अहवालात 'सार्स' हा शब्द दिसला, तेव्हा त्यांनी त्याभोवती लाल वर्तुळ काढून फोटो एका डॉक्टर मित्राला पाठवला. तो हातोहाती डॉ. ली वेनलियांग यांच्यापर्यंत पोचला. लींनी वर्गमित्रांच्या गटात तो टाकला, पोलिसांनी त्यांना समजपत्र दिलं आणि ७ फेब्रुवारीला त्याच आजाराने ते गेले. आय फेन यांनाही वरिष्ठांनी कडक समज दिली होती. पुढे असं होणार हे आधी ठाऊक असतं, तर आपण कोणाची पर्वा न करता सगळीकडे सांगत सुटलो असतो, असं त्या लेखात म्हणतात. लेख आला त्याच दिवशी शी जिनपिंग वूहानला आले होते. काही तासांत लेख गायब झाला.

भाषांतरकाराची पहिली अडचण शीर्षकापासूनच सुरू होते. इंग्रजीतल्या 'शिट्टी फुंकणाऱ्या'ला मराठीने 'जागल्या' हा आपल्या गावगाड्यातला शब्द दिला. चिनीत मात्र शिट्टी तशीच राहिली, आणि आय फेन म्हणतात की शिट्टी वाजवणारी मी नव्हे, मी ती वाटली. 'जागल्या'मधून शिट्टी कशी वाटणार? 'शिट्ट्या वाटणारी' म्हणावं, तर मराठी वाचकाला जत्रा आठवते. मी तरीही तेच ठेवीन.

लेख पुसला गेल्यावर वाचकांनी जे केलं ते भाषांतरच होतं. कोणी तो उलटा, शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिला. कोणी इमोजींत, कोणी मोर्स संकेतांत, कोणी ब्रेलमध्ये, कोणी प्राचीन अस्थिलेखांच्या अक्षरांत, तर कोणी टोल्किनच्या कादंबऱ्यांतल्या एल्फ लोकांच्या लिपीत. शब्द शोधून मजकूर काढणाऱ्या यंत्राला ओळखू येऊ नये, एवढाच हेतू. मराठी वाचकाला इथे महानुभावांची सकळ लिपी आठवेल. पण ती ग्रंथ पंथाबाहेर जाऊ नयेत म्हणून होती. इथे मजकूर सगळ्यांपर्यंत जावा म्हणून झाकला जात होता.

बाहेरून पाहणाऱ्यांना ही कल्पकता फार आवडते. आम्हां भाषांतरकारांना तर जरा जास्तच. आपला धंदा शौर्याचा ठरल्यासारखं वाटतं. मला मात्र तिच्याबद्दल शंका आहे. इमोजीतली प्रत वाचता येते ती मूळ लेख आधीच वाचलेल्याला. ती नवी बातमी देत नाही, 'मी इथे होतो' एवढंच सांगते. रुग्णालयाच्या वरिष्ठांचं चुकलं का, डॉक्टरांना वेळेवर सावध का केलं नाही, या प्रश्नांवर मोर्स संकेतांत कोणी वाद घालू शकत नाही. वादाला दोन्ही बाजूंना सारखा वाचता येणारा मजकूर लागतो, आणि नेमका तोच नव्हता.

अर्थात याला दुसरी बाजू आहे. गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स यांनी २०१३ साली दाखवून दिलं की चिनी इंटरनेटवर सरकारवरची टीका पुष्कळदा राहू दिली जाते. माणसं एकत्र येण्याची शक्यता दिसली की मजकूर पुसला जातो. तसं पाहिलं तर हजारोंनी एकच लेख पुन्हा पुन्हा लिहिणं, हीच खरी धोक्याची गोष्ट होती. आत काय लिहिलंय हे दुय्यम ठरतं. हे मला पटतं, आणि समीक्षक म्हणून खटकतंही.

फार थोड्या शब्दांत खूप काही बोललं गेलं ते लींच्या समजपत्रावरून. 'हे जमेल का?' या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं होतं 'जमेल', 'कळलं का?' याखाली 'कळलं'. त्यांच्या मृत्यूनंतर लोक लिहू लागले: 'जमणार नाही, कळत नाही.' यात लपवाछपवी नाही. नकार आहे, आणि तो कोणत्याही भाषेत जसाच्या तसा उतरतो.

त्यानंतर महिन्याभरात हवा पालटली. वूहानमध्ये राहणाऱ्या कादंबरीकार फांग फांग जानेवारीपासून बंद शहराची रोजनिशी ऑनलाइन लिहीत होत्या. नोंदी पुसल्या जात, तरी वाचक त्या जपून पुढे पाठवत. मायकेल बेरींचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपाने येणार हे एप्रिलमध्ये जाहीर झालं आणि पुष्कळ वाचक उलटले. फांग फांग परक्यांच्या हाती सुरी देत आहेत, असा आरोप झाला. बेरींना धमक्या आल्या. मार्चमध्ये एल्फ लिपीत उतरवणं म्हणजे लेख वाचवणं होतं. एप्रिलमध्ये इंग्रजीत उतरवणं म्हणजे देशद्रोह. इथे लेखिकेला गप्प करायला सेन्सॉरची फारशी गरज उरली नव्हती.

ही सगळी प्रचाराची फळं आहेत, म्हणून हे प्रकरण झटकून टाकणं सोपं आहे. पण पुस्तकाच्या आगाऊ जाहिरातीतल्या उपशीर्षकात वूहानला साथीचं 'मूळ केंद्र' म्हटलं होतं. रोजनिशीत ती भूमिका नाही. तिथे शेजारी आहेत, भाजी कशी मिळवायची याची खटपट आहे, मेलेल्यांचे फोन आहेत. आक्षेपानंतर उपशीर्षक बदलून 'विलगीकरणातल्या शहरातून' असं झालं. ते बदलावं लागलं, याचा अर्थ चिडलेल्या वाचकांपैकी काहींनी तरी मुखपृष्ठ नीट वाचलं होतं.