फ्रान्सची सफर : दोन पुस्तके आणि एक दुरुस्ती

गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही सहकुटुंब एका प्रवासी मंडळीबरोबर फ्रान्सची सफर केली. ‘सावकाश सफर’ असे तिचे वर्णन पत्रिकेत केलेले होते, आणि ते खोटे होते असे आम्हांस म्हणता येणार नाही. पॅरिस, तूर, बोर्दो, कार्कासोन, आव्हिन्यों, नीसचा समुद्रकिनारा आणि परतीच्या वाटेवर बर्गंडीतील बोन असा तो क्रम होता. गाडी आरामशीर, मुक्काम सुखाचे आणि वाटाड्या बहुश्रुत. परत आल्यावर महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने सहज विचारले, “सर, तिकडची माणसे कशी आहेत?” आम्ही उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि ते तसेच मिटले. मनोरे, पूल, देवळे, द्राक्षमळे यांविषयी आम्हांस तासभर बोलता आले असते. पण माणसांविषयी सांगण्यासारखे एक वाक्यही आमच्यापाशी नव्हते.

या लाजेपोटी आम्ही दोन जुनी पुस्तके पुन्हा वाचावयास घेतली. एक आर्थर यंग या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाचे 1792 साली प्रसिद्ध झालेले फ्रान्समधील प्रवासाचे पुस्तक. दुसरे हेन्री जेम्स या अमेरिकन कादंबरीकाराचे 1884 सालचे ‘अ लिटल टूर इन फ्रान्स’. दोघांचाही मार्ग नगरे, द्राक्षभूमी आणि सागरतीर यांतूनच गेलेला आहे. वर्गात शिकविताना आम्ही अनेक वर्षे जेम्सला सौंदर्यदृष्टीचा स्वामी ठरवीत आलो, आणि यंगची ‘शेणखताचा हिशेब ठेवणारा गृहस्थ’ अशा थट्टेच्या शब्दांत बोळवण करीत आलो. तो निकाल आज दुरुस्त करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम जेम्सचा विचार करू. 1882 च्या शरद ऋतूत तो निघाला तो एक सिद्धान्त मनाशी धरून : फ्रान्स म्हणजे पॅरिस असे लोक समजतात, पण पॅरिस म्हणजे काही फ्रान्स नव्हे. म्हणून तो बाल्झाकच्या जन्मगावापासून, म्हणजे तूरपासून, आरंभ करतो. ल्वार नदीकाठचे राजवाडे पाहतो. नांत, ला रोशेल, बोर्दो करीत दक्षिणेस वळतो आणि शेवटी बर्गंडीत येऊन थांबतो. त्याच्या गद्याची सर आजही फार थोड्यांस येईल. कार्कासोनच्या तटबंदीची व्हियोले-ल-द्यूक याने केलेली पुनर्रचना पाहून, नव्याने उभारलेल्या पूर्णतेपेक्षा मोडके का होईना, पण अस्सल अवशेष आपल्याला प्रिय आहेत, असा अभिप्राय तो देतो. आम्ही त्याच तटाखाली उभे होतो तेव्हा आमच्या वाटाड्याने किती दगड नवे व किती जुने हे सांगितले. परंतु त्या नवेपणाने मनाचे काय होते, हे सांगावयास जेम्सच हवा.

तथापि या पुस्तकात एक उणीव आहे, व ती पूर्वी आमच्या ध्यानात आली नव्हती. जेम्सच्या फ्रान्समध्ये दगड बोलतात. माणसे बहुधा दारे उघडण्यापुरती येतात. किल्ल्याचा रखवालदार, खाणावळीतील नोकर, गाडीतील सहप्रवासी, एवढाच त्यांचा परिवार. बोर्दो येथे उत्तम बोर्दो मद्य मिळेल अशी त्याची भोळी आशा होती. ती फळास येत नाही. प्रदर्शनात मांडलेले बाटल्यांचे डोंगर मात्र त्याला पाहावयास मिळतात. त्याचा हा विनोद सुरेख आहे. पण बाटली कोणी भरली, वेल कोणी जोपासली, हा प्रश्न त्या विनोदाच्या जवळपासही फिरकत नाही.

एकदा मात्र त्याची सोय बिघडते, आणि लगेच पुस्तकाला निराळीच जाग येते. नार्बोन या गावी तो रात्री उशिरा पोहोचतो. दुसरा दिवस बाजाराचा. सर्व खाणावळी मद्याच्या व्यापाऱ्यांनी भरलेल्या. निरुपाय होऊन या रसिक प्रवाशाला एका कुलपे करणाऱ्या कारागिराच्या घरी बिऱ्हाड करावे लागते. त्याची कुरकुर पुष्कळ आहे. परंतु त्या कुरकुरीतच एका मोठ्या आपत्तीची वार्ता येऊन जाते. द्राक्षवेलीच्या मुळांवर जगणारी फायलोक्सेरा ही कीड अमेरिकेतून आलेली होती, आणि त्या काळी तिने दक्षिण फ्रान्स पोखरून काढला होता. नार्बोनचा परिसर तोवर वाचलेला होता, म्हणूनच तेथील बाजारास एवढी गर्दी. पुढे प्रोव्हान्सच्या बाजूस मळेच्या मळे पाण्याखाली बुडवून कीड मारण्याचे प्रयत्न चाललेले, आणि मालक धुळीस मिळालेले. शेवटी अमेरिकन वेलींच्या मुळांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधून तो धंदा सावरला. आज आपण ज्याला फ्रान्सची सनातन द्राक्षभूमी म्हणून कौतुकाने पाहतो, तिची मुळे बहुतेक ठिकाणी अशी परदेशी आहेत. जेम्सने या संकटास काही ओळी दिल्या आणि तो पुढील अवशेषांकडे वळला. खोली मोकळी मिळाली असती, तर त्या ओळी तरी आल्या असत्या किंवा नाही, कोण जाणे!

आता यंग. 1787, 1788 व 1789 अशी तीन वर्षे तो फ्रान्समध्ये हिंडला. जमिनीचा पोत, नांगरटीची पद्धत, धान्याचे भाव, मजुरीचे दर हे त्याचे विषय. बोर्दोचे वैभव पाहून तो थक्क होतो, आणि तसे मोकळेपणाने सांगतो. पण 1788 साली ब्रिटनी प्रांतातील पडीक माळ आणि दैन्याने ग्रासलेली खेडी ओलांडून तो नांतला येतो, आणि त्याच रात्री तेथील झगमगते नाट्यगृह पाहतो, तेव्हा त्याचा संताप उसळतो. इतक्या उजाड भूमीतून वाट काढली ती या देखाव्याकडे येण्यासाठी काय, अशा अर्थाचे त्याचे उद्गार आहेत. नाट्यगृहाची शोभा त्याला दिसत नाही असे नव्हे. ती शोभा आणि तो माळ ही दोन्ही एकाच दिवसाच्या दृष्टीत तो धरून ठेवतो, हे त्याचे सामर्थ्य होय. आजच्या वाचकाने त्यात आणखी एक भर घालावी. नांत आणि बोर्दो या बंदरांची श्रीमंती साखरेच्या बेटांवर व गुलामांच्या व्यापारावर पोसलेली होती. त्या व्यापाराच्या निर्मूलनाचे स्मारक नांतच्या नदीकाठी 2012 साली उभे राहिले. म्हणजे नाट्यगृहाकडे येणारी वाट केवळ माळावरून नव्हे, समुद्रावरूनही येत होती.

यंगच्या पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध नोंद 12 जुलै 1789 या दिवसाची आहे. त्याच आठवड्यात तो शँपेनच्या द्राक्षभागातून पुढे आला होता. लेझीलेत गावाच्या बाजूस एक लांब चढ लागला. घोडीस विसावा मिळावा म्हणून तो खाली उतरला व पायी चालू लागला. वाटेत एक गरीब स्त्री सोबत झाली. तिने आपली कर्मकथा सांगितली : जमिनीचा तुकडा, एक गाय, एक मरतुकडे घोडे, सात मुले, एका जमीनदारास ठरलेल्या मापाने गहू व तीन कोंबड्या, दुसऱ्यास ओट, एक कोंबडी व एक नाणे, आणि यावर सरकारी करांचे ओझे. बाई साठ-सत्तर वर्षांची असावी असे यंगला वाटले. तिने वय सांगितले : 28 वर्षे. दोनच दिवसांनी पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग लोकांनी घेतला.

या नोंदीत अलंकार नाही, आक्रोश नाही. कोंबड्यांची संख्या आहे. आम्ही ज्या हिशेबी वृत्तीची थट्टा करीत होतो, तिनेच येथे काव्याचे काम केले आहे. ‘प्रजा दरिद्री होती’ हे वाक्य कोणीही लिहील. तीन कोंबड्या आणि वर आणखी एक कोंबडी, हे लिहिण्यास विचारणारा व ऐकणारा माणूस लागतो.

येथे आपल्या वाचकांस गोडसे भटजींचे स्मरण होईल. वरसईहून ते निघाले दक्षिणेच्या आशेने, आणि जाऊन पडले ते 1857 च्या वणव्यात. यंगही निघाला होता शेती पाहावयास, आणि पाहून आला राज्यक्रांती. जे पाहावयाचे ठरविले नव्हते त्यास वाट देणे, हाच दोन्ही पुस्तकांचा मोठेपणा आहे. यंगने तर प्रस्तावनेत कबूल केले आहे की, रोजनिशीतील किरकोळ गोष्टी गाळून टाकण्याचा त्याचा विचार होता. प्रवासात जे ज्या क्षणी लिहिले तेच लोकांस रुचेल, असे एका मित्राने बजावले म्हणून ती राहिली. आज त्याचे शेतीवरील विद्वत्तापूर्ण निबंध अभ्यासकांपुरते उरले आहेत. वाचली जाते ती रोजनिशीच.

मग जेम्स टाकाऊ ठरतो काय? मुळीच नाही. डोळ्यास शिक्षण द्यावयाचे असेल तर त्याच्यासारखा गुरू नाही. आणि आपला कंटाळा, आपली निराशा तो ज्या प्रामाणिकपणे सांगतो, तो प्रामाणिकपणा आमच्याकडील पुष्कळ प्रवासवर्णनांत शोधूनही सापडत नाही. उलट यंगला जुन्या शिल्पाचे फारसे प्रेम नाही, आणि त्याची निश्चित मते कधी कधी घाईची वाटतात. परंतु श्रेष्ठता कोणाची असा प्रश्न कोणी आम्हांस वर्गात विचारला, तर यापुढे आम्ही यंगचे नाव घेऊ. फुरसत दोघांनाही होती. जेम्सने ती पाहण्यात खर्च केली. यंगने चढावर ती एका अनोळखी बाईस दिली.

आमच्या सफरीचा शेवटचा दिवस सांगून पुरे करतो. बोन येथील रुग्णालय आम्ही पाहिले. निकोला रोलँ व त्याची पत्नी यांनी 1443 साली ते गरिबांसाठी स्थापिले. त्याला दान मिळालेल्या द्राक्षमळ्यांचे मद्य 1859 पासून दर वर्षी लिलावाने विकले जाते, आणि ते उत्पन्न धर्मकार्यास लागते. 1971 पर्यंत तेथे रुग्ण राहत असत. वाटाड्याने हे सारे उत्तम सांगितले. तेथून निघून आमची गाडी क्लो द वूजोच्या भिंतीजवळून गेली. मठवासी साधूंचा तो मळा पाहून, ही मंडळी जागा निवडण्यात कधी चुकत नाहीत, असा टोला यंगने 1789 साली हाणला होता. रस्त्याच्या कडेला, वेलींच्या रांगांत, दहा-बारा स्त्रीपुरुष कमरेत वाकून कोवळे फाटे तारांत अडकवीत होते. त्यांतील एका बाईने मान वर करून गाडीकडे पाहिले. वाटाड्या त्या वेळी एका बाटलीची किंमत सांगत होता, आणि ती ऐकून सर्वांनी आश्चर्याचा उद्गार काढला, आम्हीही काढला.

त्या बाईचे वय काय असावे, हे आम्हांस सांगता येणार नाही. रस्ता सपाट होता आणि गाडीस विसाव्याची गरज नव्हती.